पावसाळ्यात बादलीतल्या खताचा लगदा झालाय, अळ्यापण पडल्यात, काय करू?

मोगरा_डोंबिवली:
नमस्कार मंडळी. गॅलरीत थोड्या कुंड्या आहेत, मोगरा, कढीपत्ता, मिरची वगैरे. रंगाच्या जुन्या २० लिटरच्या बादलीत भाजीची देठं, साली, चहाचा चोथा टाकतेय, उन्हाळ्यात छान चाललं होतं पण पाऊस लागल्यापासून नुसता चिखल झालाय, घाण वास मारतो आणि परवा झाकण काढलं तर आत करड्या जाड अळ्या वळवळतायत. सासूबाई म्हणतात फेकून दे, पण माझ्याच्याने फेकवत नाही हो. वाचेल का हे? आणि सगळे जीवामृत जीवामृत करतात, ते शेण-गोमूत्राचं पाणी, ते गॅलरीत जमतं का?

गच्चीवाला_काका:
अजिबात फेकू नका ताई! वास येतो कारण आत हवा खेळत नाही. बादलीला तळाशी आणि बाजूने भोकं आहेत का? नसतील तर तापवलेल्या सळईने पाडा, बादली दोन विटांवर ठेवा, खाली ताटली. मग सगळा माल कागदावर ओतून त्यात सुका पालापाचोळा नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चांगलं मिसळा. मूठभर घेऊन दाबायचं, एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर अजून सुकं घाला. पुढे एक वाटी ओला कचरा टाकला की दोन वाट्या सुकं टाकायचंच, आणि आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. त्या करड्या जाड अळ्या बहुतेक काळ्या सैनिक माशीच्या असतील, त्या झाडाला काही करत नाहीत उलट कचरा भराभर संपवतात. नकोशा वाटत असतील तर मूठभर निंबोळी पेंड टाका.

शेतकऱ्याची_लेक:
जीवामृताचं मी सांगते, आमच्याकडे विदर्भात शेतावर करतात. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांनी (२०१६ ला पद्मश्री मिळाली ते) सांगितलेलं माप २०० लिटर पाण्याला १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. तुम्ही १० लिटर करा, म्हणजे अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन १००-१०० ग्रॅम, माती चिमूटभर. नळाचं पाणी आदल्या रात्री उघडं भरून ठेवायचं म्हणजे क्लोरीन कमी होतं, गूळ काळा बिनरसायनाचा घ्यायचा. सावलीत गोणपाट झाकून ४८ तास, सकाळ संध्याकाळ काठीने ढवळायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. कुंडीला दहापट पाणी घालून. पण एक लक्षात घ्या, जीवामृत म्हणजे विरजण आहे, जीवाणू वाढवतं, झाडाचं पोट त्याने भरत नाही. कुंडीत कंपोस्ट नसेल तर नुसतं ओतून काही उपयोग नाही, हे व्हिडिओवाले सांगतच नाहीत याचा मला फार राग येतो.

मोगरा_डोंबिवली:
खूप खूप आभार दोघांचे!! पण आता पावसात सुका पाला आणू कुठून, सगळं भिजलेलं.

गच्चीवाला_काका:
फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीत पोती भरून ठेवायची, सोसायटीचा माळी आनंदाने देतो. सध्या नारळाच्या शेंड्या पिंजून घाला, पुठ्ठ्याचे बारीक तुकडे चालतात. सुताराकडचा भुसा आणाल तर साध्या लाकडाचाच, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. आणि शिजवलेलं तेलकट, दूध-दही बादलीत टाकू नका.

शेतकऱ्याची_लेक:
+१. मातीसारखा वास यायला लागला आणि सालं ओळखू येईनाशी झाली की चाळा, एक भाग खत तीन भाग माती. चाळणीत वर राहील ते परत बादलीत टाका, त्याने पुढचा माल लवकर कुजतो.