सेराची भिंत काढली ते बरं झालं का?

पायवाट : न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात, म्हणजे सरकारी कचेऱ्यांसमोरच्या चौकात, शिल्पकार रिचर्ड सेराने १९८१ मध्ये 'टिल्टेड आर्क' हे शिल्प उभारलं. १२० फूट लांब, १२ फूट उंच, जराशी कललेली, गंज चढलेली पोलादी भिंत, तीही चौकाच्या मधोमध. चालणाऱ्याला आपल्या चालण्याची आणि भोवतालच्या जागेची जाणीव व्हावी, ही त्याची कल्पना. तिथल्या कर्मचाऱ्यांना जाणीव झाली ती वळशाची! भिंत काढा म्हणून १,३०० सह्या जमल्या. शेवटी १५ मार्च १९८९ च्या रात्री भिंत तुकडे करून गोदामात गेली. माझ्या मते योग्यच झालं. चौक आधी वापरणाऱ्यांचा, मग शिल्पकाराचा.

चिंचपान : साफ नामंजूर. १९८५ च्या जाहीर सुनावणीत १८० जण बोलले. १२२ म्हणाले ठेवा, ५८ म्हणाले काढा. तरी सुनावणी घेणाऱ्या समितीने ४ विरुद्ध १ मतांनी काढायचंच ठरवलं. मग सुनावणीचा फार्स कशाला? काम सरकारनेच दिलेलं. शिल्प याच जागेसाठी घडवलंय, हलवलं की संपलं, हे सेरा सांगून थकला.

पायवाट : त्या १२२ मध्ये कलाजगतातले किती? त्यांना रोज तिथून कामावर थोडंच जायचं होतं!

उंबरठा : न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन गावच्या डिया कलासंग्रहालयात सेराची लंबवर्तुळं, म्हणजे वाकवलेल्या पोलादी भिंतींची शिल्पं, पाहिली आहेत. आत शिरलं की एक भिंत अंगावर येते, दुसरी लांब पळते. जमीन सपाट, तरी पाय चाचपडतात. मी नकळत खांदा आत ओढून घेतला होता. भारीच प्रकार आहे. पण मी सुट्टीच्या दिवशी, तिकीट काढून गेले होते. सोमवारी सकाळी उशीर झालेला असताना हे आडवं आलं असतं तर शिव्याच घातल्या असत्या.

चिंचपान : अहो, तिकीट काढून मिळणारी गोष्ट तिथे रस्त्यावर फुकट होती! आणि विरोधकांची कारणं बघा. म्हणे उंदीर वाढतात. एका सुरक्षातज्ज्ञाने तर सांगितलं, बॉम्ब फुटला तर भिंत स्फोटाचा धक्का इमारतीकडे वळवेल.

पायवाट : उंदीर आणि बॉम्ब सोडून देतो, ते हास्यास्पदच. वळसा मात्र खरा होता.

चिंचपान : केवढा वळसा? अख्खी भिंत ३७ मीटरसुद्धा नाही. एसटी स्टँडवर फलाट शोधताना आपण याहून जास्त चालतो.

उंबरठा : चालतो की. पण फलाटावर बस लागलेली असते हो.