शब्दचर्चा : ‘डेप्थ ऑफ फील्ड’ला मराठीत काय म्हणावं?

खानापूरहून :
आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्याची घरगुती स्मरणिका काढतोय. त्यात वाड्याच्या चौकात काढलेले कृष्णधवल फोटो आहेत आणि प्रत्येकाखाली तो कसा काढला याची एक-दोन वाक्यं. घरातली पोरं फोटोग्राफी शिकताहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून ही वाक्यं मला नीट लिहायची आहेत. एका फोटोत आजीचे डोळे आणि नथ तेवढी स्वच्छ आहे, मागचं तुळशीवृंदावन विरघळून गेलंय. दुसऱ्यात खुर्च्यांवर बसलेले आणि त्यांच्या मागं उभे असलेले सगळे स्पष्ट आहेत. पहिल्यात डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागं जेवढं अंतर स्पष्ट येतं ते, कमी, दुसऱ्यात जास्त. हे मराठीत कसं लिहावं? ‘क्षेत्राची खोली’ असं लिहून बघितलं, पण ते वाचून माझ्या आत्यांना काहीच कळणार नाही.

टिळकवाडीहून :
डेप्थ ऑफ फील्डच लिहा. कॅमेरा, लेन्स, फोकस, फ्लॅश यांना आपण मराठी शब्द शोधत बसलो नाही आणि कुणाचं अडलंही नाही. बेळगावात लग्नाच्या ऑर्डरी घेणारे मराठी बोलणारे असोत की कन्नड, सगळे ‘डेप्थ’च म्हणतात.

शहापूरहून :
म्हणतात खरं, पण अर्थ कोणता धरतात तेही बघायला पाहिजे की. माझं सगळं आयुष्य स्टुडिओत आणि डार्करूममध्ये गेलं. आता गिऱ्हाईक मोबाइल पुढं करतं आणि म्हणतं, ‘काका, असा डेप्थवाला फोटो पाहिजे.’ त्या फोटोत चेहरा शार्प असतो आणि मागचं सगळं ब्लर. म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड अगदी कमी! नवे फोटोग्राफरही ‘काय डेप्थ आलीय’ म्हणतात ते मागचं गायब झालं की. मूळ शब्द सांगतो, स्पष्ट किती दिसतंय. आपल्या बोलण्यात तोच शब्द अस्पष्ट किती झालंय ते सांगायला लागलाय. ताईंनी ‘डेप्थ कमी’ असं छापलं तर निम्मे लोक समजतील की मागचं फारसं ब्लर झालेलं नाही.

कृष्णधवलमध्ये तर हे नीट कळणं फार गरजेचं आहे. रंगीत फोटोत हिरवी नऊवारी आणि मागचं विटकरी दार आपोआप वेगळं दिसतं. रंग गेला की दोन्ही जवळजवळ एकाच करड्या छटेत येऊ शकतात आणि माणूस दारात मिसळून जातो. (जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला तर तांबडा रंग दिसायचाच नाही. पणजीच्या फोटोत कुंकू काळंभोर दिसतं ते त्यामुळंच.) मग माणूस दारापासून सुटा काढायला मुख्यतः दोनच गोष्टी हातात राहतात, उजेड आणि फोकस. खांद्याच्या, केसांच्या कडेला उजेड द्यायचा, नाहीतर दार फोकसबाहेर घालवायचं. फोकसबाहेर घालवताना मागच्या रांगेतले काका-मामाही बाहेर गेले, तर तो घराण्याचा फोटो राहत नाही. किती स्पष्ट ठेवायचं हा घरच्या फोटोतला पहिला प्रश्न आहे, म्हणून शब्दही स्पष्टतेचाच पाहिजे.

हिंडलग्याहून :
काकांचं म्हणणं पटलं. ‘खोली’ मात्र वेगळ्या कारणानं नको असं मला वाटतं. चित्राच्या बाबतीत हा शब्द आधीच एका कामाला लागलेला आहे. जुन्या स्टुडिओत मागं रंगवलेला पडदा असायचा, त्यावर खांब, जिना, लांब कुठंतरी बाग. त्यानं सपाट फोटोला खोली यायची, म्हणजे मागं जागा आहे असं डोळ्याला वाटायचं. ती खोली सगळं स्पष्ट असतानाही येते. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरेंनी गट काढला त्याचं नावच ‘एफ/६४’, लेन्सच्या अगदी बारीक छिद्रावरून घेतलेलं. पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं काटेकोर दिसावं हा त्यांचा आग्रह. त्यांच्या कृष्णधवल फोटोंना खोली नाही असं कोण म्हणेल? चित्राची खोली बघणाऱ्याला जाणवते आणि डेप्थ ऑफ फील्ड कॅमेऱ्यासमोरच्या जमिनीवर टेप लावून मोजता येतं. दोन्हींना एकच शब्द दिला तर शिकणाऱ्या पोरांचा घोटाळा होईल.

शाळेत भिंगाच्या धड्यात ‘नाभी’ (फोकस) आणि ‘नाभीय अंतर’ (फोकल लेंग्थ) शिकवतात. त्यावरून ‘नाभीय’ काहीतरी जोडशब्द करता येईल, पण तो परीक्षेपुरताच राहील. मला ‘पल्ला’ सुचतो. आवाजाचा पल्ला, नजरेचा पल्ला म्हणतो तसा ‘स्पष्टतेचा पल्ला’.

निपाणीहून :
अक्का, पल्ला शब्द चांगला आहे, पण तो एका टोकापासून सुरू होतो. बंदुकीचा पल्ला म्हणजे नळीपासून गोळी पोचते तिथपर्यंत. लांब पल्ल्याची गाडी म्हणजे इथून दूरवर जाणारी. लेन्सचा पल्ला म्हटलं तर ऐकणारा म्हणेल, झूम किती लांबचं ओढतो ते सांगताहेत. इथं तसं नाही. लेन्सच्या अगदी जवळचं अस्पष्ट असतं, मग एक भाग स्पष्ट, मग परत अस्पष्ट. दोन्ही बाजूंना काठ आहेत. अशा गोष्टीला आपल्याकडं रोजच्या वापरातला शब्द आहे, ‘पट्टा’. निपाणीचा तंबाखूचा पट्टा, पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा, खानापूर-चंदगडचा जंगलपट्टा. पट्टा अरुंद असतो, रुंद असतो, पुढं सरकतो, मागं सरकतो. डेप्थ ऑफ फील्डबद्दल आपल्याला बोलायचं असतं ते सगळं या एका शब्दावर बोलता येतं. ‘पट्टा अरुंद ठेव’, ‘आजी पट्ट्यात आहेत, वृंदावन पट्ट्याबाहेर’, ‘मागची रांग पट्ट्याच्या काठावर आहे, जरा पुढं घे’. यात शिकवावं लागेल असं काही नाही.

शहापूरहून :
हा शब्द मला आवडला. आता आकडे घालून बघू, टिकतो का. फिल्मच्या ३५ मिमी चौकटीएवढा सेन्सर आणि ५० मिमीची लेन्स धरा, आणि नेहमीचा ०.०३ मिमीचा निकष, म्हणजे एखादा बिंदू सेन्सरवर तेवढाच पसरला तर तो स्पष्ट धरायचा. माणसं ३ मीटरवर. एफ/२.८ ला (एफचा आकडा छिद्राचा, आकडा मोठा तसं छिद्र लहान) पट्टा साधारण ६० सेंटिमीटर रुंद. खुर्चीतल्या आजोबांचे डोळे आणि मागं उभ्या मुलाचे डोळे यांत सहज ६०-७० सेंटिमीटर अंतर पडतं, म्हणजे कुणीतरी एक बाहेर जाणार. एफ/५.६ केलं की पट्टा सव्वा मीटरच्या आसपास, अडीच मीटरपासून पावणेचार मीटरपर्यंत. दोन्ही रांगा आत बसतात. एफ/८ ला जवळजवळ १.८५ मीटर, मग तिसरी रांगही घेता येते. आता हे बघा, एफ/५.६ च्या पट्ट्यात फोकसच्या पुढं अर्धा मीटर आहे आणि मागं पाऊण मीटर. पट्टा मागच्या बाजूला जास्त पसरतो. म्हणून फोकस मधोमध न धरता पुढच्या रांगेच्या डोळ्यांच्या थोडंसंच मागं धरायचा.

पट्टा तीन गोष्टींनी रुंद होतो. छिद्र लहान करा, माणसांपासून लांब व्हा, किंवा त्याच जागेवरून कमी नाभीय अंतराची लेन्स लावा. छिद्राच्या आकड्याचा पोरांना फार त्रास होतो, आकडा मोठा आणि छिद्र लहान कसं म्हणून. तो भागाकार आहे. ५० मिमीच्या लेन्सला एफ/२ म्हणजे ५० भागिले २, २५ मिमीचं छिद्र. एफ/८ म्हणजे सव्वासहा मिमीचं.

आणि घराचा फोटो असेल तर मागचं अगदीच नाहीसं करू नये असं मला मनापासून वाटतं. माणसांना भिंतीला चिकटून उभं करायचं नाही, दहा फूट तरी पुढं आणायचं. एफ/५.६ ला दोन्ही रांगा स्वच्छ येतात, भिंत थोडी मऊ पडते, तरी दाराची चौकट, कोनाडा ओळखू येतो. पन्नास वर्षांनी तो फोटो बघणाऱ्याला वाडा कसा होता तेही बघायचं असणार. चेहऱ्याची ओळख दुसऱ्या फोटोतूनही पटेल, पण तोवर वाडा पाडून तिथं अपार्टमेंट झालेलं असेल.

टिळकवाडीहून :
‘पट्टा’ला माझी हरकत नाही. एवढंच की पहिल्यांदा वापराल तिथं शेजारी डेप्थ ऑफ फील्डही लिहा. पोरं यूट्यूबवर तोच शब्द ऐकणार आहेत.

चिकोडीहून :
पट्ट्याच्या आतलं स्पष्ट, हे झालं. बाहेरच्याला काय म्हणायचं? आमच्या घरी आई कन्नड बोलते, ती अशा फोटोला ‘मसुकु’ म्हणते. मराठीत मी ‘धूसर’ लिहितो, माझे मामा ‘पुसट’ म्हणतात, दोन्ही कुठंतरी खटकतं.

हिंडलग्याहून :
खटकतं याला कारण आहे. मराठीत या प्रत्येक शब्दाला आपापलं कारण चिकटलेलं आहे. धूसर म्हणजे मुळात धुळीच्या रंगाचं, मध्ये धूळ किंवा धुकं आलंय म्हणून नीट न दिसणारं. आंबोलीच्या घाटात पावसाळ्यात दिसतं ते धूसर. अंधुक म्हणजे उजेड कमी, नाहीतर डोळे अधू. पुसट म्हणजे पूर्वी ठळक होतं ते झिजलं, शाई उडाली. पत्र्याच्या पेटीतला जुना फोटो पुसट होतो, त्यात फोकसचा काही दोष नसतो. कृष्णधवल फोटोत तर ‘धूसर’नं जास्तच घोळ होतो, कारण तिथं करडेपणा सगळ्या चित्रभर असतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, फोटोत काळं-पांढरं नीट उठलेलं नाही.

शहापूरहून :
अजून एक वेगळं काढा, ‘हललेला’. जुन्या स्टुडिओत मोठ्या प्लेटचा कॅमेरा असायचा. त्याची लेन्स लांब नाभीय अंतराची, त्यामुळं पट्टा मुळातच अरुंद. सगळी रांग पट्ट्यात घ्यायची तर छिद्र लहान करायचं, छिद्र लहान केलं की उजेड कमी, मग वेळ जास्त द्यायचा, आणि मांडीवरचं पोर तेवढ्यात मान फिरवायचं. फोटोत सगळे कातीव उभे आणि पोराच्या जागी दोन-तीन चेहरे एकात एक. ते हललेलं. फोकसबाहेरची गोष्ट अशी ओढल्यासारखी दिसत नाही, ती सगळीकडून सारखी पसरते. दिव्याचा ठिपका असेल तर त्याची चकती होते. त्या पसरण्याच्या देखणेपणाला आता ‘बोके’ म्हणतात, तो शब्द जपानी. पण बोके म्हणजे पट्ट्याची रुंदी नव्हे, हेही पोरांना सांगावं. दोन लेन्सचा पट्टा सारखा असू शकतो आणि एकीचं बोके लोण्यासारखं, दुसरीचं खरखरीत.

चिकोडीहून :
मग ‘पट्ट्याबाहेर गेलेलं’ एवढंच म्हटलं तर?

निपाणीहून :
चालेल की. कारणासकट अर्थ आला. क्रियापद पाहिजे तिथं ‘विरघळणं’ घ्या, खानापूरच्या ताईंनी पहिल्याच प्रश्नात वापरलंय ते. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडला मात्र हे शब्द लावू नका. तिथं सेन्सर एवढासा आणि लेन्सचं नाभीय अंतर काही मिलिमीटर, त्यामुळं खरा पट्टा भलता रुंद असतो. मागचं विरघळवायचं काम नंतर सॉफ्टवेअर करतं, म्हणून कधी कधी सुटलेल्या बटा किंवा नथीचा काठ मागच्या बरोबर पुसला जातो. त्याला सरळ ‘पुसलेलं’ म्हणावं.

खानापूरहून :
सगळ्यांचे मनापासून आभार. आजीचा फोटो ८५ मिमीच्या लेन्सनं, एफ/२ ला, २ मीटरवरून काढलेला आहे. त्याखाली असं लिहितेय : ‘लेन्सचं छिद्र मोठं ठेवल्यानं स्पष्टतेचा पट्टा (डेप्थ ऑफ फील्ड) जेमतेम चार बोटं रुंद आहे. आजीचे डोळे आणि नथ पट्ट्यात आहेत, वृंदावन पट्ट्याबाहेर विरघळलं आहे.’ आणि घरच्या सगळ्यांच्या फोटोखाली : ‘एफ/५.६. दोन्ही रांगा पट्ट्यात याव्यात म्हणून छिद्र लहान केलं.’

शहापूरहून :
चार बोटं बरोबर आहे, हिशेबानं सहा-साडेसहा सेंटिमीटर येतं. म्हणजे आजींचे कानही पट्ट्याबाहेर असणार, मोठा करून बघा आणि तेही लिहा. बुगडी मऊ का दिसते असं कुणीतरी विचारणारच. आणि दुसऱ्या ओळीत ‘पुढच्या रांगेच्या जरा मागं फोकस धरला’ एवढं घाला, पोरांना तेच लागेल.