८६ मिनी डीव्ही टेपा आणि बाबांचा पीडी १७०: दशावतार कॉम्प्युटरवर कसा उतरवू, आणि यंदा कुठला कॅमेरा घेऊ?

कुडाळचो_झील

नमस्कार मंडळी. मी कुडाळ तालुक्यातला, वय २६. बाबा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. २००४ साली त्यांनी सोनीचा पीडी १७० घेतला. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ज्या रात्री लग्नाचं काम नसेल त्या रात्री ते देवळासमोर ट्रायपॉड लावून दशावतार टिपायचे. पैसे कुणी देत नव्हतं. टेपसुद्धा स्वतःच्या खिशातली.

अशा ८६ टेपा घरात लोखंडी कपाटात आहेत. प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात गावाचं नाव, तिथी आणि '३/६' असं लिहिलेलं. पूर्ण रात्रीच्या सहा टेपांपैकी तिसरी, असा त्याचा अर्थ.

चार वर्षांपूर्वी यातल्या ११ टेपा एका दुकानात देऊन डीव्हीडी करून घेतल्या. सुरुवातीला सगळं ठीक दिसतं, पण तासाच्या शेवटाकडे मृदंगावर हात आधी पडतो आणि थाप नंतर ऐकू येते. एका टेपेत तर मधूनच सगळ्यांचे आवाज चिरके झालेत. बाबांनी पाच मिनिटं बघितलं आणि काही न बोलता खळ्यात जाऊन बसले. तेव्हापासून मी टेपा कुणाकडे दिल्या नाहीत.

आता स्वतःच करायचं ठरवलंय. कॅमेरा चालू आहे. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर (कॅमेऱ्यातून डिजिटल चित्र काढायचं जुनं कनेक्शन) अशी वायर ऑनलाइन मागवली, पण लॅपटॉपला कॅमेरा दिसतच नाही. दुसरं म्हणजे, बाबांचे गुडघे आता रात्रभर उभं राहू देत नाहीत, म्हणून यंदाच्या जत्रा मी शूट करणार आहे. मित्र म्हणतात मिररलेस घे. काय करू?

डीव्हीकॅम_पुणे

मी १९९९ पासून बातम्यांसाठी कॅमेरा चालवला, त्यातली आठ-नऊ वर्षं पीडी १५० आणि पीडी १७० खांद्याशी होते. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

आधी एक गोष्ट नीट ध्यानात घे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, पण संवाद रंगमंचावर जागच्या जागी सुचतात. म्हणजे त्या रात्री राजा आणि राक्षस एकमेकांना काय बोलले त्याचा दुसरा पुरावा कुठेही नाही, तो तुझ्या कपाटातच आहे. म्हणून टेप 'बघण्यापुरती' उतरवू नकोस. टेपेवर जे आकडे आहेत ते जसेच्या तसे घे.

आकडे म्हणतोय, कारण मिनी डीव्हीवर चित्र आधीच डिजिटल आहे. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, २५ मेगाबिट. फायरवायरने घेतलंस तर ते कॉपी होतं, पुन्हा रेकॉर्ड होत नाही. दुकानदाराने मात्र डीव्हीडीसाठी चित्र पुन्हा दाबलं, म्हणजे कॉम्प्रेस केलं असणार. फायरवायरने कॉपी केलेल्या फाइलसोबत रेकॉर्डिंगची तारीख, वेळ आणि टाइमकोड (टेपेवरचा फ्रेमचा क्रमांक) हेही येतं. बाबांनी घड्याळ लावलेलं असेल तर प्रत्येक फ्रेमवर ती रात्र किती वाजता कुठवर आली होती ते कळेल.

आता आवाज. डीव्हीत आवाज दोन प्रकारे नोंदवता येतो: १६ बिट ४८ किलोहर्ट्‌झ किंवा १२ बिट ३२ किलोहर्ट्‌झ. एकाच टेपेत मध्येच सेटिंग बदललं आणि कॅप्चर करणाऱ्याने ते पाहिलं नाही, तर आवाज चिरका होतो. तुझ्या त्या टेपेत हेच झालं असावं. सरकण्याचं कारण वेगळं. साध्या डीव्ही मोडमध्ये आवाजाचं घड्याळ चित्राशी बांधलेलं नसतं, डीव्हीकॅम या सोनीच्या व्यावसायिक मोडमध्ये असतं. तासभर एकच फाइल केली की तो बारीक फरक साठत जातो. बाबांनी कोणता मोड वापरला ते टेपेच्या लांबीवरून कळेल. ६० मिनिटांची टेप डीव्हीकॅममध्ये ४० मिनिटांत संपते. रात्रीला सहा टेपा म्हणजे त्यांनी साधा डीव्ही वापरला असणार.

ती यूएसबीची वायर परत कर. यूएसबी आणि फायरवायर या दोन वेगळ्या भाषा आहेत, नुसतं टोक बदलून काही होत नाही. डेस्कटॉप मिळव, त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं पीसीआयई फायरवायर कार्ड टाक. कार्डाकडे ६ पिन आणि कॅमेऱ्याकडे ४ पिन अशी वायर लागेल. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा १३९४ चा लेगसी ड्रायव्हर टाक आणि विनडीव्ही वापर. ते सॉफ्टवेअर जुनं आणि एवढंसं आहे, पण टेपेत खंड आला की नवी फाइल करतं. त्यामुळे खंड असलेल्या टेपेत आवाज सरकायलाही फार जागा उरत नाही.

वायर लावताना कॅमेरा बंद आणि कॉम्प्युटरही बंद. हे मी कळकळीने सांगतोय. ६ पिनच्या टोकातून वीज वाहते. चालू असताना घाईत लावलेल्या वायरीने कॅमेऱ्याचं पोर्ट गेलेलं मी दोनदा पाहिलंय. बाबांच्या कॅमेऱ्याचं पोर्ट गेलं तर टेपा वाचायला दुसरा कॅमेरा शोधत फिरावं लागेल.

जागा: एका तासाला साधारण १३ जीबी. ८६ टेपांचे सव्वा टीबीच्या आत. २ टीबीच्या दोन डिस्क घे, एक घरी आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे. यूट्यूबसाठी वेगळी प्रत कर, मूळ फाइलला हात लावू नकोस.

ती प्रत करताना एक बारकावा पाळ. हे चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एका फ्रेममध्ये अर्ध्या क्षणाच्या अंतराची दोन चित्रं विणलेली असतात, आणि डीव्हीत खालची ओळ आधी येते. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने सेकंदाला ५० फ्रेम काढ आणि उंची १०८० पर्यंत वाढव. यूट्यूब ७२० च्या खाली ५० फ्रेम दाखवत नाही, म्हणून वाढवायची. मग तलवारबाजी बघ, जुन्या टीव्हीवर दिसायची तशी पाण्यासारखी सरकेल.

पेडणे_ते_पर्थ

मी मूळचा पेडण्याचा. आमच्याकडेही दहीकाला, म्हणजे दशावताराचाच खेळ, होतो, म्हणून धागा वाचताना पोटात कालवलं. दोन गोष्टींची भर घालतो.

कुणी तुला मॅक वापर म्हणेल. जुना असेल तर चालेल. थंडरबोल्ट ते फायरवायर ॲडॅप्टरने मी २०१९ मध्ये ३० टेपा उतरवल्या. पण मॅकओएस २६ मध्ये ॲपलने फायरवायर काढून टाकलंय. उसन्या मॅकवर करणार असलास तर मित्राला आधी अपडेट करू देऊ नकोस.

दुसरं, बुरशी. आपल्या पावसात टेपेला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून टेपेच्या गुंडाळीकडे उजेडात तिरकं बघ. पांढरे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती टेप कॅमेऱ्यात घालू नकोस. एक घातलीस की टेप वाचणाऱ्या हेडवर बुरशी बसते आणि पुढच्या सगळ्या टेपांना लागते. अशा टेपा बाजूला ठेव. चांगल्या असतील त्या आधी एकदा शेवटापर्यंत पुढे पळवून परत गुंडाळ, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेली टेप मोकळी होते. हे काम दसऱ्यानंतर हवा कोरडी झाल्यावर कर.

कुडाळचो_झील

दोघांचे मनापासून आभार. काका, कार्ड मिळालं, कणकवलीच्या एका मित्राने त्याचा जुना डेस्कटॉपही दिला. टेपा उजेडात बघितल्या. ७ टेपांत पांढरं दिसलं, त्या वेगळ्या डब्यात ठेवल्या. पहिली टेप लावली तर चित्रात आडवे पट्टे, एक पट्टा बरोबर आणि एक जुन्या चित्राचा. टेपच गेली का?

डीव्हीकॅम_पुणे

नाही, टेप शाबूत असेल. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्हीच्या पद्धतीत एक फ्रेम टेपेवर १२ तिरक्या रेघांत लिहिलेली असते, आणि ड्रमवरची दोन हेड त्या रेघा आळीपाळीने वाचतात. प्रत्येक रेघेत चित्राचा ४८ ओळींचा पट्टा. एक सोडून एक पट्टा बिघडलाय म्हणजे एका हेडवर घाण बसली आहे. सोनीची कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळव, दहा सेकंद चालव, काढ. ती रिवाइंड करू नकोस, नाहीतर पुसलेली घाण परत लागेल. तरीही मधूनमधून चौकटी फुटल्या तर तीच टेप दोनदा कॅप्चर कर. डीव्हीरेस्क्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते दोन्ही प्रतींतले चांगले तुकडे निवडून एक फाइल जोडून देतं.

आता नवा कॅमेरा. मिररलेसचं चित्र सुंदर असतं, लग्नाला घे. पण जत्रेत रात्री सुरू झालेला खेळ सकाळी संपतो. तिथे तुला तीन गोष्टी हव्यात: न तापता चालणारा कॅमेरा, बोटाने हळू सरकणारा झूम, आणि आवाजासाठी दोन एक्सएलआर, म्हणजे व्यावसायिक माइक लावायच्या खाचा. हे तिन्ही कॅमकॉर्डरमध्येच एकत्र मिळतात. सोनी पीएक्सडब्ल्यू झेड ९० किंवा त्या जातीचा, १ इंच सेन्सरचा, दोन कार्डं घेणारा बघ. बजेट कमी असेल तर चांगला वापरलेला चालेल, पण झूम पुढे-मागे करून, एक्सएलआरला माइक लावून आणि दोन्ही खाचांत कार्ड भरून तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

एका बाबतीत मात्र जुना कॅमेरा पुढे आहे. पीडी १७० ची लेन्स पूर्ण झूमवरही एफ २.४ राहते (आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). झेड ९० ची पूर्ण झूमवर एफ ४.५ होते, म्हणजे जवळपास पाऊण उजेड गेला. तेव्हा मागे उभा राहून झूम करू नकोस, पुढे जाऊन बस.

शटर १/५० वर बांधून टाक. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे दिव्यांची लुकलुक येणार नाही. स्वस्त एलईडीचे पट्टे आले तर १/१०० करून बघ. आणि एक्स्पोजर ऑटोवर सोडू नकोस. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, संकासुर काळ्या कपड्यात येतो. ऑटो कॅमेऱ्याला वाटतं अंधार झाला, तो उजेड वाढवतो आणि बाजूच्या भटजीचं धोतर पांढरंफटक जळून जातं. बाबांच्या टेपांत हे होतं का ते बघ. मला वाटतं नसणार.

आवाज: पहिल्या चॅनेलला मिक्सरमधून लाइन, दुसऱ्याला आपला माइक, मृदंग आणि झांजेच्या बाजूला. मिक्सर लावलेल्या चॅनेलचं ४८ व्होल्ट (कॅमेरा माइकला देतो ती वीज) बंद. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव, कारण युद्धाला सुरुवात झाली की मृदंग दुप्पट चढतो.

कार्डावरून कॉपी करताना नुसत्या व्हिडिओच्या फाइली ओढून घेऊ नकोस. कार्डाचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं घे. लांब रेकॉर्डिंग तुकड्यांत साठलं असेल तर ते तुकडे कसे जोडायचे याची नोंद त्या बाकीच्या बारीक फाइलींत असते. सुटे तुकडे जोडलेस तर सांध्यावर आवाज तुटू शकतो. दोन डिस्कवर प्रती झाल्या, उघडून बघितल्या, मगच कार्ड फॉरमॅट. तेही कॅमेऱ्यातच.

कुडाळचो_झील

काका, क्लीनिंग कॅसेटनंतर पट्टे गेले. आतापर्यंत १४ टेपा झाल्या. बाबांनी १/५० च धरलं होतं. भटजीचं धोतर जळलेलं नाही, धोतराच्या चुण्यासुद्धा मोजता येतात.

काल रात्री '४/६' लावली होती. वेळ पहाटे ३ वाजून १२ मिनिटं, डिसेंबर २००५. बाकड्यावर राजा बसलेला, पेटीवाला सूर धरून थांबलाय आणि राजाला पुढचं वाक्य सुचत नाहीये. सहा-सात सेकंद नुसती पेटी. मग तो बोलला आणि सगळं देऊळ हसलं. डीव्हीडीत ही शांतता नव्हतीच, दुकानदाराने कापली होती.

बाबा आतून खुर्ची घेऊन आले, कॉम्प्युटरसमोर बसले. हसणाऱ्या माणसांत कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक आवाज येतो. ते म्हणाले, "तो मी." मग मला म्हणाले, "पुढची लाव."

रविवारी झेड ९० बघायला कोल्हापूरला जातोय. बाबा सोबत येणार आहेत.