भीमेचं कोडं अडलंय: नद्यांचा क्रम कसा लावायचा?

काठावरची: पुण्याजवळच्या एका मिस्टरी जिओकॅशचं (जीपीएसने शोधायचा लपवलेला डबा, ज्याची खरी जागा कोडं सोडवल्यावरच कळते) कोडं दोन रविवार सोडवतेय. इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा, चंद्रभागा अशी चार नावं, प्रत्येकीसमोर एक आकडा. सूचना एवढीच: "भीमा ज्या क्रमाने त्यांना भेटते तसे आकडे मांडा." अक्षांशाचे शेवटचे तीनच आकडे हवेत, मग नद्या चार कशा? वर्णानुक्रमाने लावून पाहिलं तर जागा थेट पात्राच्या मधोमध आली! वडिलांचं बालपण भीमाकाठी गेलं, म्हणून हा डबा मला स्वतःच शोधायचाय. उत्तर नको, दिशा द्या.

घाटवाट: चंद्रभागा वगळा. पंढरपुरात भीमाच चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला ते नाव, ती स्वतःला कशी भेटेल? बाकीच्यांचे संगम वरून खाली बघा: तुळापूर, रांजणगाव सांडस, नरसिंगपूर. आकडे मात्र इथे लिहू नका, बाकीच्यांची मजा जाईल.

डबेशोधक: आणि जिओकॅशच्या वेबपानावर नकाशात दिसणारा ठिपका फसवा असतो. खरी जागा त्याच्यापासून साधारण ३ किलोमीटरच्या आतच असते, त्यावर उत्तर ताडून बघा. धरणातून पाणी सोडलं असेल तर काठावर उतरू नका.

काठावरची: सापडला! वडाच्या पारंब्यांमागे, हिरव्या झाकणाचा डबा. आतली वही दमट झाली होती, पेन उमटेना, पेन्सिलीने नाव लिहिलं. खाली वडिलांचंही. घाटवाट, चंद्रभागेसाठी मनापासून आभार. वही सुकी ठेवायला पुढच्या वेळी झिपची पिशवी नेतेय.