‘तटस्थ राहिले’ म्हणजे नक्की काय केले?

प्रश्न

आंतरराष्ट्रीय संघटनांचा अभ्यास करते आहे, टिपणे मराठीतच काढते. ‘तटस्थ’ या शब्दापाशी गाडी अडली आहे. स्वित्झर्लंड तटस्थ देश, हे शाळेपासून वाचत आले. आता संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाबद्दल झालेल्या मतदानाचा तपशील पाहिला. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. त्या पस्तीस देशांत भारत आहे, स्वित्झर्लंड नाही! त्याने ठरावाच्या बाजूने मत दिले. मग ‘तटस्थ स्वित्झर्लंड तटस्थ राहिला नाही’ असे लिहायचे का? शिवाय बेरीज १८१ भरते आणि सदस्य आहेत १९३. उरलेल्या बारा देशांना कोणता शब्द लावायचा?

प्रतिसाद १

तट म्हणजे काठ. काठावर उभा राहून प्रवाहात न उतरणारा तो तटस्थ. शब्द सुरेख आहे, पण आपण त्याच्यावर दोन वेगळी ओझी टाकली आहेत. एक म्हणजे युद्धात कोणाच्याही बाजूने न लढण्याचे धोरण. हे वर्षानुवर्षे चालते, स्वित्झर्लंडचे आहे ते हेच. दुसरे म्हणजे एका ठरावावर, एका दिवशी, ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही असे नोंदवणे. पहिले धोरण सांभाळून स्वित्झर्लंड २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. सदस्य झाल्यावर मत द्यायला त्याला कोणाची आडकाठी नाही.

त्यामुळे देशाबद्दल लिहिताना ‘युद्धात तटस्थ’ आणि ठरावाबद्दल लिहिताना ‘मतदानात तटस्थ’, असे एक पद जोडले की बराच गोंधळ मिटतो. ‘अलिप्त’ मात्र या दोन्हींपासून निराळा ठेवा. तो शब्द १९६१ च्या बेलग्रेड परिषदेतून उभ्या राहिलेल्या चळवळीचा आहे. अलिप्त देश एखाद्या ठरावावर ठाम विरोधी मत देऊ शकतो, आणि ते अनेकदा घडलेही आहे.

प्रतिसाद २

बारा देशांबद्दल: ते ‘तटस्थ’ नव्हेत. त्यांनी मत नोंदवलेच नाही. बातम्यांत ‘मतदानाकडे पाठ फिरवली’ हा वाक्प्रचार दोन्हींसाठी सर्रास वापरतात, ते मला फार खटकते. हा फरक किती खोल जातो हे पाहायचे तर २७ जून १९५० चा सुरक्षा परिषदेतला कोरियाविषयीचा ठराव क्रमांक ८३ उघडा. तेव्हा परिषदेत अकराच सदस्य होते. सात बाजूने, युगोस्लाव्हिया विरोधात. भारत आणि इजिप्तचे प्रतिनिधी सभागृहात बसलेले होते, पण त्यांनी मतदानात भाग घेतला नाही. सोव्हिएत संघाची खुर्ची रिकामी होती. चीनची जागा कोणाची, या वादावरून त्याने जानेवारीपासून बहिष्कार टाकला होता.

म्हणजे एकाच मतदानात ‘विरोध’, ‘भाग न घेणे’ आणि ‘गैरहजेरी’ अशा तीन गोष्टी आहेत, आणि तटस्थ एकही नाही. सोव्हिएत संघ परिषदेचा कायम सदस्य, म्हणजे एकट्याच्या विरोधी मताने ठराव अडवू शकणारा (यालाच नकाराधिकार म्हणतात). तो हजर राहून विरोधात गेला असता तर ठराव तिथेच पडला असता. ‘तो तटस्थ राहिला’ असे लिहिणाऱ्याने इतिहासच बदलला म्हणायचे.

प्रश्नकर्ती

हे फारच उपयोगी पडले. पण एक शंका राहते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या, म्हणजे स्थापनेच्या कराराच्या, २७व्या कलमात ठरावासाठी कायम सदस्यांची ‘सहमतीची मते’ हवीत असे आहे. कायम सदस्य मतदानात तटस्थ राहिला तर सहमती कुठे झाली?

प्रतिसाद १

शंका रास्त आहे. नुसती अक्षरे वाचली तर ठराव पडायला हवा. पण परिषदेत सुरुवातीपासून पायंडा वेगळा पडला: कायम सदस्य तटस्थ राहिला तर त्याने ठराव अडवला असे धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये नामिबियाविषयीच्या सल्लागार मतात हा पायंडा मान्य केला. आणि ‘नकाराधिकार’ हा शब्द सनदेत शोधू नका, तो तिथे नाहीच. तो व्यवहारातून आला.

प्रतिसाद २

यात आणखी एक गोम आहे. आमसभेत महत्त्वाच्या प्रश्नांवर दोन तृतीयांश बहुमत लागते, पण ते ‘उपस्थित आणि मतदान करणाऱ्या’ सदस्यांचे. नियमाप्रमाणे तटस्थ राहणाऱ्याने मतदान केले असे समजत नाहीत. म्हणून २०२२ च्या त्या ठरावाचा हिशेब १४६ मतांवर होतो, १८१ वर नाही. तिथे तटस्थ सदस्य बाजूला सरतो, वाट मोकळी होते.

सुरक्षा परिषदेत उलट. पंधरापैकी नऊ मते बाजूने पडलीच पाहिजेत. तिथे तटस्थ राहणे म्हणजे लागणारे एक मत न देणे. ३० डिसेंबर २०१४ रोजी पॅलेस्टाइनविषयीच्या मसुद्याला आठ मते बाजूने मिळाली, दोन विरोधात, पाच तटस्थ. मसुदा एका मताने पडला. विरोधी मतांत अमेरिकेचे एक होते, तरी ‘अमेरिकेने नकाराधिकार वापरला’ हे वाक्य इथे चुकीचे ठरते, कारण नऊचा आकडाच गाठला गेला नव्हता. एकच मराठी शब्द, पण सभागृह बदलले की त्याचे वजन बदलते. टिपणात सभागृहाचे नाव आधी लिहा, मग ‘तटस्थ’.

प्रश्नकर्ती

वाक्य आता असे केले आहे: ‘आमसभेतील मतदानात भारतासह ३५ देश तटस्थ राहिले, १२ देश अनुपस्थित होते, युद्धात तटस्थतेचे धोरण असलेल्या स्वित्झर्लंडने ठरावाच्या बाजूने मत दिले.’

प्रतिसाद २

‘अनुपस्थित होते’ काढा. सभागृहात बसूनही मत न नोंदवता राहता येते, १९५० मध्ये भारताने तेच केले होते. ‘१२ देशांनी मत नोंदवले नाही’ एवढेच लिहा.