आईच्या जाण्यानंतर विठ्ठलाजवळ सांत्वन कसे मागावे?

प्रश्न : आईला जाऊन तीन महिने झाले. देवघरात समई लावताना हात थांबतो, कारण तेलवात करण्याचे काम तिचे होते. घरात पिढ्यानपिढ्या पंढरीची वारी आहे; तरीही ‘देव पाठीशी आहे’ असे कोणी म्हटले, की मन आतून आखडते. देवावर रुसलेल्या माणसाने त्याच्याकडेच सांत्वन मागावे का?

उत्तर १ : अवश्य मागावे, आणि रुसवा न लपवता मागावे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. त्यानंतर देहूजवळच्या डोंगरावर एकांतात बसणाऱ्या या माणसाने विठ्ठलाशी भांडण मांडले, त्याला बोल लावले, परंतु त्याच्याशी बोलणे मात्र कधी सोडले नाही. माझ्या मते हे भांडणसुद्धा भक्तीच आहे.

उत्तर २ : मला नामदेवांनी सावरले. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली, त्या प्रसंगाच्या नामदेवांच्या अभंगांत प्रत्यक्ष पांडुरंगही व्याकूळ झालेला दिसतो. वडील गेल्यावर ते वाचताना प्रथमच जाणवले, की देव माझे दुःख दुरून पाहत नाही, तो त्यात माझ्याबरोबर बसला आहे. (वारकरी त्याला ‘माउली’ म्हणतात, तेही उगाच नव्हे.) तुम्ही घाई करू नका, हरिपाठ म्हणवत नसेल, तर नुसते ऐका.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. आज तेल मी घातले, वात वडिलांनी वळली, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघेही तेथेच बसून रडलो.