'अ‍ॅक्टिविस्ट'ची 'कारकीर्द' : आंतरजालावरच्या मुस्कटदाबीचे मराठी शब्द

बोरूबहाद्दर
डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या एका बाईंचा इंग्रजी परिचय मराठीत आणायचा आहे. पहिलंच वाक्य अडलंय : 'ऑनलाइन अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे रक्षण करण्यात तिने आपली कारकीर्द घालवली.' पुढे सेन्सॉरशिप, ब्लॉक, टेकडाउन आणि 'चिलिंग इफेक्ट' उभे आहेत. काय करावं?

जुनी पाटी
घोळ 'घालवली'त आहे. हयात घालवता येते. 'सगळी हयात कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात घालवली' यात कौतुकही असू शकतं. पण कारकीर्द घालवली म्हटलं की ती वाया घालवली. कौतुकच करायचं तर आयुष्य 'वेचलं' म्हणा. शिवाय कारकीर्द हा मूळचा सत्तेचा शब्द : माधवराव पेशव्यांची, अमक्या मुख्यमंत्र्यांची. क्रिकेटपटूंनी तो सैल केला हे खरं, पण जिचं कामच सत्तेला जाब विचारणं, तिच्या गळ्यात तो विचित्र दिसतो. सरळ 'काम' म्हणा. आणि छापील परिचयात 'तिने' नको, 'त्यांनी'.

काथ्याकूट
अ‍ॅक्टिविस्टला 'कार्यकर्त्या' म्हणणार? लोकांच्या डोळ्यांसमोर सतरंज्या उचलणारा पक्षाचा माणूस येतो. 'चळवळ्या'त हिणवणं आहे.

जुनी पाटी
'डिजिटल हक्कांच्या कार्यकर्त्या' लिहा. कशाच्या ते आधी सांगितलं की सतरंजी सुटते. 'कैवारी' माणसांचा असतो, तत्त्वाचा 'पुरस्कर्ता'.

कलमकसाई
'पुरस्कार' (बक्षीस नव्हे, मताची उघड बाजू घेणं) हा शब्द जपून ठेवा, कायद्यात त्याला वजन आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६६अ आलं : आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश पाठवणं गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुकवर टिप्पणी झाली आणि पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. एकीने फक्त ती 'लाइक' केली होती. त्यानंतर श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने कलम रद्द केलं.

निकालाचा कणा तीन शब्दांचा : चर्चा, पुरस्कार, चिथावणी. एखादं मत कितीही अप्रिय असो, त्याची चर्चा आणि त्याचा पुरस्कार दोन्ही संरक्षित. चिथावणीपर्यंत पोचलं तरच सरकार आडवं येऊ शकतं. अनुवादात 'पुरस्कार'च्या जागी 'प्रचार' किंवा 'समर्थन' टाकलं की पायरी घसरते.

आणि कलम मेलं तेही शब्दांमुळे. त्याच्या यादीत त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, धाकदपटशा, वैर, द्वेष, दुष्टावा असे दहा शब्द एका ओळीत होते. जाणूनबुजून खोटी माहिती चिकाटीने पाठवली अशी अट होती, पण 'गैरसोय' आणि 'धोका' यांना एकच माप. त्यातल्या बहुतेक शब्दांची व्याख्या कुठेच नव्हती.

काथ्याकूट
म्हणजे बातम्यांतली 'आक्षेपार्ह पोस्ट' हीसुद्धा तीच चूक. 'अर्ह' म्हणजे पात्र. आक्षेपाला पात्र आहे की नाही हे न्यायालय ठरवणार. तोवर कुणीतरी आक्षेप घेतलाय एवढंच खरं. मग 'आक्षेपित' म्हणा. 'आक्षेपित आदेश' तर कोर्टाच्या मराठीत रोज असतो. बातमीदार मात्र अटकेच्या आधीच निकाल देऊन मोकळे.

बोरूबहाद्दर
पटलं. 'चिलिंग इफेक्ट'? 'थंडावणारा परिणाम' लिहिलं होतं.

जुनी पाटी
खोडा. थंडावा उन्हाळ्यात हवाहवासा असतो. 'वचक' आणि 'धाक' हेही चालत नाहीत, कारण गुंडांवर पोलिसांचा वचक असावाच असं आपण म्हणतो. इथे एकाला उचललं की बाकीचे शंभर आपणहून हात आखडतात. त्याला 'धसका'. 'या कलमाचा लिहिणाऱ्यांनी धसका घेतला' यात कारण आणि परिणाम दोन्ही आले.

कलमकसाई
धसक्याचा पुरावा हवाच असेल तर : ६६अ रद्द झाल्यावरही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना पुन्हा न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. अशा कार्यकर्त्यांचं निम्मं काम हे असतं. निकाल मिळवायचा आणि मग तो ठाण्यापर्यंत पोचवायचा.

आता ब्लॉक, टेकडाउन. बातम्यांत सगळ्यालाच 'बॅन' म्हणतात आणि माणूस चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. 'काढून टाकणे' हे सहसा कंपनी स्वतःच्या नियमांनी करते. तिथे आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे. 'रोखणे' हे सरकार कलम ६९अ खाली करते. मजकूर बाहेरच्या देशात दिसत राहतो, भारतात नाही. २००९ च्या नियमांनुसार रोखण्याची मागणी तपासणाऱ्या वेगळ्या समितीपुढे म्हणणं मांडायला नोटीस येते, उत्तराला किमान ४८ तास. तातडीच्या आदेशात नोटीस नसतेच. नियम १६ गोपनीयतेचा असल्याने आदेशाची प्रत सहसा मिळत नाही, म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय. तिसरी 'इंटरनेटबंदी' : काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणापासून (सर्वोच्च न्यायालय, जानेवारी २०२०) असा आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे आणि बेमुदत बंदी चालत नाही. प्रत मागताना हा निकाल जोडा.

काथ्याकूट
सेन्सॉरशिपला 'परिनिरीक्षण' सुचवणार होतो. नाटकांसाठी आपल्याकडे तसं मंडळच आहे.

कलमकसाई
ते प्रयोगाआधीचं. इथे मजकूर आधी छापला जातो, मग गळा धरतात. 'गळचेपी' हळूहळू आवळत नेण्याला, 'मुस्कटदाबी' एका फटक्यात तोंड बंद करण्याला. 'मुसक्या आवळणे' यात घेऊ नका, त्यात हात पाठीमागे बांधतात.

जुनी पाटी
'फेक'लाही एकच शब्द नको. माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीत, केंद्र सरकारबद्दलचा मजकूर तपासणाऱ्या केंद्राच्याच सत्यशोधन कक्षासाठी बनावट, खोटं, दिशाभूल करणारं असे तीन शब्द होते. कुणाल कामरा यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. सप्टेंबरात तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने ती दुरुस्ती रद्द झाली. या शब्दांची संदिग्धता हेही एक कारण. २०१९ च्या सांगलीच्या पुराचा खरा फोटो कुणी 'आजचा' म्हणून टाकला तर फोटो बनावट नाही, ओळ खोटी, आणि दोन्ही मिळून दिशाभूल.

बोरूबहाद्दर
मग असं : 'आंतरजालावरच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं आहे.' आणि खाली 'डिजिटल हक्कांच्या कार्यकर्त्या'.

काथ्याकूट
बाई हयात आहेत ना? 'वेचलं' वाचून लोक श्रद्धांजली समजतील. 'त्या वीस वर्षं लढत आहेत' असं लिहा, आकडा मूळ परिचयातून बघून.

जुनी पाटी
खरंच की, ते माझ्या लक्षात आलं नाही. आणि 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य' एक शब्द, 'क्ति' ऱ्हस्व. सुटा असेल तेव्हाच 'अभिव्यक्ती'.